महाविद्यालय बदलायचे आहे? आधी नियम पाहा, मग निर्णय घ्या

जयपूर : प्रवेशफेऱ्यांची धावपळ संपून वर्ग सुरू झाले की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अनेक घरांत एक प्रश्न डोके वर काढतो : हे महाविद्यालय सोडून दुसरीकडे जावे काय? परराज्यात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी तो अधिक अवघड असतो, कारण महाविद्यालयाबरोबर विद्यापीठ, राज्य आणि प्रवेशाचा कोटाही बदलतो. मात्र महाविद्यालय बदलणे हा सर्व अभ्यासक्रमांना सारखा लागू होणारा हक्क नाही. म्हणूनच ‘जावे की न जावे’ याआधी ‘जाता येते का’ हे पाहणे आवश्यक ठरते.

एकच रस्ता, तीन नियम

जयपूरच्या जवाहरलाल नेहरू मार्गावर हा फरक स्पष्ट दिसतो. १९४७ मध्ये सुरू झालेले सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालय, त्याच वर्षी स्थापन झालेले राजस्थान विद्यापीठ आणि १९६३ पासूनची मालवीय राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था (एमएनआयटी) या तिन्ही संस्था याच मार्गावर आहेत. संस्था बदलू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासमोरची परिस्थिती मात्र तिन्हीकडे वेगळी आहे.

एमएनआयटीसारख्या संस्थांत प्रवेश ‘जोसा’च्या केंद्रीय फेऱ्यांतून पहिल्याच वर्षी होतो. निम्म्या जागा त्या राज्यातील, तर निम्म्या इतर राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी असतात. पुढे एका एनआयटीतून दुसऱ्या एनआयटीत जाण्याची सर्वसाधारण प्रक्रिया नाही. संस्थेच्या नियमांनुसार गुणवत्तेवर शाखा बदलता येऊ शकते. संस्था बदलण्यासाठी मात्र पुन्हा प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ‘जेईई मेन’ बारावी उत्तीर्ण होण्याच्या वर्षी व त्यानंतरची दोन वर्षे देता येते. ‘जेईई अ‍ॅडव्हान्स्ड’साठी सलग दोन वर्षांत दोनच संधी असतात. हा मार्ग निवडल्यास आधीचे वर्ष हातचे जाते.

वैद्यकीय शिक्षणात पूर्वी पहिली व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर, प्रवेशक्षमतेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, महाविद्यालय बदलण्याची सोय होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी ती बंद केली. राजस्थानातील बाडमेर येथे शिकणाऱ्या एका दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ही सरसकट बंदी मनमानी ठरवून रद्द केली. अपंगत्वासारख्या खऱ्या अडचणीकडे डोळेझाक करणारा नियम समानतेच्या तत्त्वात बसत नाही, हा या निकालाचा गाभा आहे. तथापि, त्यामुळे कोणत्याही विद्यार्थ्याला हवे ते महाविद्यालय मिळण्याचा हक्क निर्माण होत नाही.

श्रेयांकांचे गणित

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत तुलनेने अधिक वाव आहे. २०२१ मध्ये अस्तित्वात आलेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, त्याच्या खात्यात जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत वापरता येतात. मात्र किमान ५० टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात, ही अट महत्त्वाची आहे.

तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक लागतात, म्हणजे नव्या संस्थेत किमान ६० मिळवणे आले. पहिल्या वर्षाचे सुमारे ४० श्रेयांक घेऊन जाणाऱ्याला अडचण येत नाही. दोन वर्षांचे ८० घेऊन जाणाऱ्याचे मात्र केवळ ४० उरतात. अट पूर्ण करण्यासाठी त्याला अधिक काळ शिकावे लागेल. चार वर्षांच्या १६० श्रेयांकांच्या पदवीत ही सीमा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस येते. थोडक्यात, बदल करायचाच असेल तर तो लवकर केलेला बरा.

शिवाय, श्रेयांक खात्यात असले तरी नव्या विद्यापीठात जागा रिक्त असणे आणि त्याने ते विषय समकक्ष मानणे आवश्यक असते. जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, गुणपत्रिका व अभ्यासक्रमाची प्रत लागते. महाराष्ट्रात परतणाऱ्यांना नव्या विद्यापीठाकडून पात्रता प्रमाणपत्रही घ्यावे लागते.

पैसे आणि मूळ कागदपत्रे

पहिल्या वर्षाचा प्रवेश रद्द करताना तारखांना मोल असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या धोरणानुसार, प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी माघार घेतल्यास प्रक्रिया शुल्क वगळता पूर्ण शुल्क परत मिळते. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढील १५ दिवसांत ८० टक्के आणि तीस दिवसांपर्यंत ५० टक्के परतावा मिळतो. तीस दिवस उलटल्यावर काहीही मिळत नाही. आयोग काही वर्षी यात अधिक सवलत देतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परताव्याची मुभा होती. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास संस्थांना मनाई आहे. शुल्क वा कागदपत्रे न मिळाल्यास २०२३ च्या नियमांनुसार तक्रार निवारण समितीकडे आणि पुढे विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते.

शैक्षणिक कर्ज विशिष्ट संस्थेसाठी मंजूर झालेले असते. त्यामुळे बँकेची आणि शिष्यवृत्ती असल्यास संबंधित विभागाची भूमिका आधीच लेखी घ्यावी.

कारण कोणते?

नियम अनुकूल असले तरी बदलाचे कारण तपासावे लागते. हवा तो विषय उपलब्ध नसणे, कुटुंबातील आजारपण, न झेपणारा खर्च किंवा अपंगत्वास अनुकूल सोयींचा अभाव ही कारणे काळाबरोबर आपोआप दूर होत नाहीत. घरची ओढ, वसतिगृहातील जेवण, अनोळखी भाषा किंवा पहिल्या सत्रातील कमी गुण यांचा भार मात्र दुसऱ्या सत्रापर्यंत बऱ्याचदा हलका होतो. शिवाय नव्या शहरातही त्यांपैकी काही अडचणी सोबत येतात. रॅगिंगचा त्रास असेल तर सत्र संपण्याची वाट न पाहता १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार करावी. दोष करणाऱ्यांचा असताना संस्था सोडण्याची वेळ पीडितावर येऊ नये.

निर्णय झालाच तर क्रम चुकवू नये : आधी नियमांची खात्री, मग नव्या संस्थेचे लेखी प्रवेशपत्र आणि श्रेयांक मान्यतेचे पत्र, आणि सर्वांत शेवटी जुन्या प्रवेशाचा राजीनामा. तोंडी आश्वासनावर विसंबून जुनी जागा आधी सोडणाऱ्याच्या हातून दोन्ही जागा जाण्याचा धोका असतो, आणि त्याची किंमत विद्यार्थ्याला एका वर्षाने मोजावी लागते.