कार्डावरचे आकडे

नोंदीत आम्ही को ८६०३२ लिहिलं की उसाची जात कळते. दवाखान्यातही आजाराला असेच आकडे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या यादीत जठरातला अल्सर के २५, लहान आतड्याच्या सुरुवातीचा के २६. जागाच लिहिली नसेल तर के २७. टिंबापुढचा आकडा त्याहून मोलाचा. जुन्या अल्सरमधून रक्त गेलं तर ४, भोक पडलं तर ५.

आमच्या गटातले एक सभासद कंबरदुखीच्या गोळ्या रोज खायचे. (त्यानंही अल्सर होतो, बरं का!) शौचाला डांबरासारखी काळी झाली, रक्त चढवावं लागलं. कार्डावर मात्र के २७.९, म्हणजे रक्तस्राव नाही! विम्याचे पैसे अडले. दुर्बिणीचा अहवाल दाखवल्यावर डॉक्टरांनी के २६.४ करून दिलं. ते कार्ड आता सातबाऱ्याच्या पिशवीत आहे.