शनी कल्याणला, दृष्टी उल्हासनगरवर

बदलापुरात मुलीसाठी स्थळ आलं, की आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते. मग आत्या चष्मा पुसत म्हणते, "अगं, मंगळाची दृष्टी आहे सप्तमावर!" सप्तम म्हणजे विवाहाचं घर, त्यामुळे तिथेच बोलणं थांबतं. पण ही दृष्टी मोजतात कशी, हे कुणी विचारत नाही.

गैरसमज : चौथी दृष्टी म्हणजे ग्रहापासून चार घरं पुढे.

वस्तुस्थिती : ग्रह बसलाय तेच घर पहिलं. कर्जत लोकल घ्या. ग्रह कल्याणला आहे असं समजा. कल्याण एक, विठ्ठलवाडी दोन, उल्हासनगर तीन, अंबरनाथ चार, बदलापूर पाच, वांगणी सहा, शेलू सात. (चिखलोलीचं स्टेशन यात धरलेलं नाही!) सातवी दृष्टी सगळ्याच ग्रहांना असते. शिवाय शनीला तिसरी-दहावी, मंगळाला चौथी-आठवी, गुरूला पाचवी-नववी. म्हणजे कल्याणचा शनी उल्हासनगरकडे बघतो, मंगळ अंबरनाथकडे, गुरू बदलापूरकडे. आपल्याकडच्या पत्रिकेत ही मोजणी घड्याळाच्या उलट दिशेने होते आणि घरातला आकडा राशीचा असतो, स्थानाचा नव्हे. गफलत बहुधा इथेच होते.

गैरसमज : एका ग्रहाने पाहिलं, की दुसराही त्याला पाहतो.

वस्तुस्थिती : हे नेहमी खरं ठरतं ते फक्त सातव्या दृष्टीत. मंगळाने चौथ्या घरातल्या ग्रहाला पाहिलं, तरी तिथून पुढे मोजत गेलं तर मूळ घर दहावं येतं आणि दहावी दृष्टी एकट्या शनीला.

गैरसमज : साडेसाती म्हणजे शनीची वाईट दृष्टी.

वस्तुस्थिती : साडेसातीचा दृष्टीशी संबंध नाही. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास यांतून शनी सुमारे अडीच-अडीच वर्षं जातो, तो हा काळ. आणि शनी सरसकट वाईट असंही शास्त्र म्हणत नाही. वृषभ आणि तूळ लग्नाच्या (म्हणजे पहिल्या घरात ती रास असलेल्या) पत्रिकांना तो योगकारक, म्हणजे शुभ फळ देणारा, मानलाय.

गैरसमज : मंगळाची पत्रिका म्हणजे लाखात एक.

वस्तुस्थिती : मंगळ 1, 4, 7, 8 किंवा 12 व्या स्थानी असला, की पत्रिका मंगळाची. पहिल्यातून सातवी, चौथ्यातून चौथी आणि बाराव्यातून आठवी दृष्टी सप्तमावर पडते. सातव्यात तो स्वतःच बसलेला. बारापैकी पाच घरं, म्हणजे ढोबळमानाने शंभरात चाळीसेक पत्रिका!

गैरसमज : पत्रिकेचा पडताळा कुणी घेतलेलाच नाही.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रातच घेतला गेलाय. डॉ. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या प्रत्येकी 100 पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरं निघाली सुमारे 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी जुळली असती. हे निष्कर्ष 2009 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आले.

तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण चांगलं स्थळ परत पाठवण्याआधी आत्याला एवढं तरी विचारा : मंगळ कितव्या घरात, आणि दृष्टी कितवी?