‘करमलं नाही तर न्यायला येऊ’

अमेरिकेतलं बालपण : लेखांक ९

निवासी समर कॅम्प निवडायचा कसा, हे मागच्या लेखात पाहिलं. पैसे भरून जागा पक्की झाली की कॅम्पकडून सामानाची यादी येते. चादरी किती, मोजे किती, टॉर्च कसला. मग जून उजाडेपर्यंत आई-बाबा त्या यादीमागे धावतात आणि तयारी झाली म्हणून निश्चिंत होतात. यादी दोन शनिवारांत उरकते. अवघड काम वेगळंच आहे आणि ते बहुतेक घरांत एका वाक्याने बिघडतं. रात्री अंथरुणात पडल्यावर पोर विचारतं, ‘तिथे मला आवडलंच नाही तर?’ आणि आपण जीव कळवळून म्हणून जातो, ‘करमलं नाही तर लगेच न्यायला येऊ हं.’

हे वाक्य गिळून टाकायला शिका. ते का, हे कळायला आधी कॅम्पची घडण समजून घ्यावी लागते.

शिबिरं आपल्याला नवी नाहीत. सेवादलाची, संघाची, स्काउटची शिबिरं करूनच आपल्यातले कितीतरी मोठे झाले. पण ती चार-आठ दिवसांची, ओळखीच्या माणसांबरोबरची. अमेरिकेतल्या ‘स्लीपअवे कॅम्प’चा आवाका मोठा असतो. ईशान्येकडे जूनच्या अखेरीला शाळा सुटते आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे सहा-सात आठवडे, मेन, न्यू हॅम्पशायर, न्यूयॉर्कचे अ‍ॅडिरॉन्डॅक किंवा पेनसिल्व्हेनियाचे पोकोनो डोंगर अशा ठिकाणी तळ्याकाठच्या लाकडी केबिनमध्ये मुलं राहतात. हल्ली दोन किंवा साडेतीन आठवड्यांची सत्रंही पुष्कळ ठिकाणी असतात आणि पहिल्या वर्षी तेवढंच पुरे. सबंध हंगाम भरणारी आठ वर्षांची मुलंही असतात, पण त्यांचे आई-बाबा बहुधा स्वतः त्याच कॅम्पात वाढलेले असतात.

या प्रथेची सुरुवात बहुतेक जण १८६१ पासून धरतात. कनेटिकटमधल्या वॉशिंग्टन गावचे शाळामास्तर फ्रेडरिक गन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सुमारे चाळीस मैल चालवत लाँग आयलंड साउंडच्या किनाऱ्यावर मिलफर्डला नेलं आणि दोन आठवडे तंबूत ठेवलं. यादवी युद्ध नुकतंच पेटलं होतं आणि पोरांना सैनिकांसारखं राहून पाहायचं होतं. पुढे १८८५ मध्ये सम्नर डडली यांनी वायएमसीएतर्फे सात मुलांना घेऊन कॅम्प भरवला. तोच कॅम्प डडली आज लेक शॅम्प्लेनच्या काठी सुरू आहे. दीडशेहून अधिक वर्षांत घोडे आले, रोबॉटिक्स आलं, पण एक गोष्ट टिकली : आई-बाप दूर. बहुतेक पारंपरिक कॅम्पांत फोन पहिल्याच दिवशी जमा होतो किंवा आणूच देत नाहीत. मुलाकडून पत्र येतं, आपण पत्र किंवा एकेरी ई-मेल पाठवायची, जी तिथे छापून मुलाच्या हाती देतात. फार तर मध्यावर एक ‘व्हिजिटिंग डे’. आपल्याला हा आडमुठेपणा वाटतो. पण केबिनमधल्या नवख्या पोरांशी जमवून घेणं, भांडण आपलं आपण मिटवणं, न आवडलेली भाजी ताटात ठेवून दुसरं काहीतरी खाणं, हे आई फोनवर असेपर्यंत घडतच नाही. कॅम्पवाल्यांचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

आता त्या वाक्याकडे. २००७ मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या वतीने घरच्या ओढीविषयी डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शक अहवाल लिहिला. थर्बर हे मानसशास्त्रज्ञ, कॅम्पमधल्या मुलांवर वर्षानुवर्षं काम केलेले. त्यांचं म्हणणं असं, की घरापासून दूर गेल्यावर घर आठवणं हे जवळजवळ प्रत्येक मुलाला होतं. त्यात बिघाड काही नाही आणि बहुतेकांचं ते सौम्यच राहतं. ज्यांना ते फार जड जातं, त्यांच्यात काही गोष्टी वारंवार दिसतात : आधी कधी घराबाहेर न राहिलेलं मूल, जाण्याच्या निर्णयात ज्याला काही विचारलंच नाही असं मूल, आणि आपल्याला करमणार नाही अशी आधीपासूनच खात्री असलेलं मूल. न्यायला येण्याचा वायदा करू नका, असं हा अहवाल स्पष्ट सांगतो.

कारण या वायद्याचे दोन तोटे आहेत. पहिला : मुलाला ऐकू येतं ते असं, की ‘तुला हे जमणार नाही असं आईलाही वाटतंय.’ दुसरा : मूल आता काही करून पाहतच नाही. बाजूच्या बंकवरचा मुलगा घोरतो, पोहण्याच्या चाचणीत खालच्या गटात टाकलं, पाऊस लागला, की प्रत्येक अडचणीला उत्तर तयार, बाबांना बोलवा. त्यात कॅम्प घरापासून पाच तासांवर. तिसऱ्या दिवशी डायरेक्टरचा फोन येतो, ‘थोडं थांबा, रुळेल.’ आपण थांबतो. योग्यच करतो. पण पोराच्या हिशेबी आपण खोटं बोललेलो असतो.

घरची ही ओढ किती लवकर ओसरते, हे अमेरिकनांना एका विनोदी गाण्याने शिकवलं आहे. अ‍ॅलन शर्मनचं ‘हॅलो मडा, हॅलो फडा’ हे १९६३ चं गाणं म्हणजे कॅम्पमधून एका मुलाने घरी लिहिलेलं रडगाण्याचं पत्र. शर्मनला ते सुचलं स्वतःच्या मुलाच्या कॅम्पमधल्या तक्रारींवरून. शेवटी गाण्यातल्या गारा थांबतात, पोरं खेळायला लागतात आणि हा पठ्ठ्या आई-बाबांना कळवतो, की हे पत्र विसरून जा. खऱ्या कॅम्पातलं पत्र मात्र पोस्टातून तीन-चार दिवसांनी येतं. तोपर्यंत मूल तळ्यात डुंबत असतं आणि आपण स्वयंपाकघरात पत्र हातात घेऊन रडत असतो.

मग विचारलं तर सांगायचं काय? खरं ते. ‘घर आठवेल. सगळ्यांनाच आठवतं. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांनी कमी होतं. आठवलं की काय करशील, ते आता ठरवू.’ आणि मग खरोखर बसून ठरवायचं. पत्र लिहायचं, काउन्सेलरला (केबिनमधल्या मुलांना सांभाळणाऱ्या ताई-दादाला) सांगायचं, उशीखालचा फोटो काढून बघायचा, की बाकीच्यांबरोबर चेंडू खेळायला जायचं. उपाय मुलाने सुचवलेला असला तर उत्तम. कॅलेंडर काढून किती रात्री आहेत तेही दाखवा. मुलांना ‘तीन आठवडे’ कळत नाहीत, चौकोन कळतात.

याच्या जोडीला सराव. एप्रिलपासून एखाद्या शुक्रवारी मित्राकडे रात्र, मग शनिवार-रविवार सलग दोन रात्री, आणि त्या वेळात फोन नाही. आपल्या घरांत ही गोष्ट नेमकी राहून गेलेली असते. ‘आमची मुलं घराबाहेर राहतात की, दर दोन वर्षांनी भारतात महिना काढतात,’ असं आपण म्हणतो, पण तिथे आई शेजारीच झोपलेली असते आणि आजी-मावशी उशाशी. हा सराव धरता येत नाही. मावशीकडे सोडायचं असेल तर तिलाही बजावून ठेवा, की रात्री दहाला व्हिडिओ कॉल लावून ‘आई आठवते का रे?’ असं विचारायचं नाही.

आजींचं वेगळं सांगायला हवं. पुण्याहून किंवा कोल्हापुरातून रोज बोलणारी आजी मुलासमोरच म्हणते, ‘एवढंसं पोर, कशाला धाडताय परक्यांत?’ माया खरी आहे, पण मुलाच्या डोक्यात ते जाऊन बसतं. आजींना आधी, एकट्यांना, नीट समजावून सांगा आणि त्यांना काम द्या. पत्रं लिहायला त्यांच्याइतकं चांगलं कोणी नाही. भारतातून पोस्टाने वेळेत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून फोनवर मजकूर घ्या आणि कॅम्पच्या ई-मेलने पाठवा. मजकूर मात्र वाचून घ्या. ‘तुझ्याविना घर सुनं सुनं झालंय’ हे पत्र पाठवायचं नाही. मांजरीने काय उद्योग केले ते पाठवायचं.

अंगावरच्या कामांचा सराव हा तर फार दुर्लक्षित भाग. दहा वर्षांच्या आपल्या कितीतरी मुली लांब केस ठेवतात आणि रोज आई वेणी घालते. कॅम्पात रोज तळ्यात पोहणं आहे, ओल्या केसांचा गुंता आहे आणि वेणी घालणारं कोणी नाही. एक तर तिला स्वतःची वेणी घालायला शिकवा, नाहीतर तिला विचारून केस कापा. विचारून हे महत्त्वाचं. पहिल्या दिवशी बहुतेक कॅम्पात उवांची तपासणी होते, त्यामुळे महिनाभर आधीपासून डोकं बघत राहा. सामायिक न्हाणीघरात आंघोळ करायची, चपला घालून, पाच मिनिटांत, स्वतः साबण-टॉवेल सांभाळून, हेही घरी करून पाहावं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला पाळीबद्दल आधी सांगा आणि पॅड बरोबर द्या, अजून यायची असली तरी. पहिली पाळी अनोळखी केबिनमध्ये, काही माहीत नसताना येणं ही शिक्षा आहे. मूल कधीमधी अंथरूण ओलं करत असेल तर लपवू नका. नर्सला आणि काउन्सेलरला आधी कळवलं तर ते गुपचूप चादर बदलतात. त्यांना याची सवय असते.

खाण्यात मराठी घरांचे दोन घोटाळे होतात. पहिला शेंगदाण्याचा. शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, चिक्की ट्रंकेत घालू नका. अनेक कॅम्पांत बाहेरचं खाणंच बंद असतं, उंदीर-रॅकून आणि काही भागांत अस्वलं येतात म्हणून, आणि शेजारच्या बंकवरच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते म्हणून. ती जिवावर बेतते. दुसरा घोटाळा शाकाहाराचा. फॉर्मवर ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं की स्वयंपाकघराला कळतं, पण शेकोटीवर भाजून खायच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यातून काढतात, हे शेकोटीपाशी कोणाच्या लक्षात येत नाही. चालेल की नाही हे घरी ठरवा आणि मुलाला सांगा. गोमांस वर्ज्य असेल तर चिली, स्लॉपी जो, पेपरोनी या नावांत ते असू शकतं, हेही सांगा. चपाती-भाजीची अपेक्षा ठेवू नये. पास्ता, ग्रिल्ड चीज, सॅलड यांवर तीन आठवडे मूल मजेत जगतं, वजनही फारसं कमी होत नाही.

औषधांबाबत कॅम्प कडक असतात आणि ते बरंच आहे. गोळ्या मूळ बाटलीत, नावासह, डॉक्टरच्या सहीच्या कागदासकट नर्सकडे जमा. बिनलेबलची होमिओपॅथीची बाटली किंवा डबीतलं चूर्ण नर्स देणार नाही आणि ट्रंकेत सापडलं तर काढून घेईल. लसींच्या नोंदी आणि डॉक्टरच्या तपासणीचा फॉर्म मे महिन्यातच भरा, जूनमध्ये अपॉइंटमेंट मिळत नाही.

ईशान्येकडे गोचिडीची भीती खरी आहे. हरणांवरच्या बारीक गोचिडीतून लाइम रोग होतो. साधारणपणे ती चोवीस तासांहून जास्त वेळ चिकटून राहिली तरच संसर्ग होतो, म्हणून रोज रात्री काखा, जांघा, कानांमागे आणि केसांत हात फिरवून बघायला मुलाला शिकवा. सापडली तर स्वतः ओढायची नाही, नर्सकडे जायचं.

सामानाचं थोडक्यात : प्रत्येक कपड्यावर नाव, मोज्यांवरसुद्धा. काहीही नवंकोरं आणि महागडं नको. पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली पाकिटं द्या. अमेरिकेत वाढलेल्या मुलाने आयुष्यात पाकिटावर पत्ता लिहिलेला नसतो, त्यामुळे घरी एक पत्र टाकून बघा. ट्रंक भरताना मूल हजर हवं, नाहीतर रेनकोट तळाशी पडून राहतो आणि पोर भिजतं.

एक बोलणं टाळता येत नाही. अंगाला कोणी कुठे हात लावायचा नाही, कोणी ‘हे गुपित ठेव’ म्हटलं तर ते ठेवायचं नाही, आणि एका मोठ्या माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, हे स्पष्ट शब्दांत सांगा. कॅम्पलाही विचारा : काउन्सेलरची पार्श्वभूमी तपासता का, मोठं माणूस आणि मूल एकटे राहू नयेत असा नियम आहे का. असे प्रश्न विचारताना आपल्याला उगाच ओशाळल्यासारखं होतं. चांगल्या कॅम्पना त्यांचा राग येत नाही.

सोडायच्या दिवशी बिछाना घालून द्या, काउन्सेलरला भेटा, मिठी मारा आणि निघा. रेंगाळू नका. नंतर कॅम्पच्या संकेतस्थळावर रोज फोटो येतात आणि पालक मध्यरात्री ते मोठे करून करून बघतात : हसत का नाहीये, कालचाच टीशर्ट का. फोटोवरून काही कळत नाही.

वायदा करायचा नाही, याचा अर्थ कधीच आणायचं नाही असा नव्हे. बरेच दिवस मूल जेवत नाही, झोपत नाही, कशातच भाग घेत नाही असं कॅम्पच सांगत असेल, कोणी त्याला छळत असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर वाद न घालता गाडी काढा. नुसतं रडण्याचं पत्र आलं असेल तर डायरेक्टरला फोन करा, मुलाला नाही. काल दिवसभर त्याने काय केलं ते विचारा. उत्तर देताना ते अडखळले, तर पुन्हा विचारा.

पुढच्या लेखात : व्हिजिटिंग डे, आणि परत आलेलं मूल आठवडाभर घरात कोणाशी बोलत का नाही.