कर्परांतर्गत दाबमापन

कर्परांतर्गत दाबमापन : अत्यवस्थ रुग्णाच्या कवटीतील दाब सतत मोजून त्यावर लक्ष ठेवण्याची पद्धती. डोक्यास झालेली गंभीर इजा, मेंदूतील रक्तस्राव इ. कारणांनी बेशुद्ध असलेल्या रुग्णांत तिचा मुख्यत्वे उपयोग होतो.

प्रौढाची कवटी ही न ताणली जाणारी अस्थिमय पेटी असून तीत मेंदू, रक्त व मस्तिष्क-मेरुद्रव हे घटक असतात. यांपैकी एकाचे घनफळ वाढल्यास दुसऱ्याचे घटले पाहिजे, हे तत्त्व स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्‍रो (१७८३) व जॉर्ज केली (१८२४) यांच्या नावाने ओळखतात. सूज वाढू लागली की, प्रथम द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो व नीलांतील रक्त बाहेर ढकलले जाते. त्यामुळे दाब काही काळ जवळजवळ स्थिर राहतो. ही सोय संपली की, घनफळात किंचित भर पडूनही तो झपाट्याने चढतो. स्थिर वाटणारा रुग्ण एकाएकी खालावतो तो यामुळेच.

निरोगी प्रौढ आडवा असताना हा दाब पाऱ्याच्या ७ ते १५ मिमी. असतो. रोहिण्यांतील सरासरी रक्तदाबातून तो वजा केला असता मेंदूस रक्त पुरविणारा दाब मिळतो. रक्तदाब ९० व कर्परांतर्गत दाब ४० मिमी. असल्यास मेंदूच्या वाट्यास ५० मिमी. येतात, ते अपुरे ठरण्याचा संभव असतो. रक्तदाब वाढणे, नाडी मंदावणे, बाहुली विस्फारणे ही लक्षणे बहुधा उशिरा दिसतात. तोवर वेळ गेलेली असते.

फ्रान्समध्ये गीयोम व जानी यांनी १९५१ मध्ये सतत मापन केले. स्वीडनमधील निल्स लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींत दाब अधूनमधून ५० मिमी.च्या वर जाऊन ५ ते २० मिनिटे तेथेच राहत असल्याचे दाखविले. एकाच वेळच्या मापनात असे चढ निसटतात.

मेंदूतील विवरात कवटीच्या छिद्रातून नळी बसविणे ही प्रमाणभूत रीत होय. तिच्यातून द्रव काढून दाब उतरविताही येतो; मात्र जंतुसंसर्गाचा व रक्तस्रावाचा धोका असतो. दाबग्राहक कानाच्या छिद्राच्या पातळीत ठेवावा लागतो. तो १३·६ सेंमी. खाली राहिल्यास आकडा १० मिमी.ने फुगतो, आणि एवढ्या चुकीने उपचारच बदलतात. मेंदूत बसविण्याच्या सूक्ष्म दाबग्राहकात संसर्ग कमी, पण त्यातून द्रव काढता येत नाही.

दाब २२ मिमी.पेक्षा अधिक राहिल्यास उपचार करावेत, अशी २०१६ ची अमेरिकी मार्गदर्शक शिफारस आहे. तथापि बोलिव्हिया व एक्वादोर येथील ३२४ रुग्णांवरील अभ्यासात (२०१२) मापनावर आधारित उपचार व केवळ तपासणी आणि क्ष-किरण छेदचित्रे यांवर आधारित उपचार यांच्या फलितांत लक्षणीय फरक आढळला नाही. मापन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे, कारण दाब कमी करण्याचे उपचार दोन्ही गटांस मिळाले होते. परंतु यंत्र नसलेल्या रुग्णालयातही वारंवार व काळजीपूर्वक तपासणी करून असे उपचार करता येतात, हे त्यातून दिसून आले.