इंजिनाचे हेड : उतरविण्याची व बसविण्याची रीत

बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातील गाव. मोताळ्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारा रस्ता राजूर घाटाने अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढतो. मे महिन्यात पायथ्याचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत भरलेली जीप किंवा मोटार घाट चढू लागली की इंजिनाची खरी कसोटी लागते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. तथापि शेतमाल, बाजारहाट आणि कित्येकदा अडलेला रुग्ण यांसाठी खेडोपाडी खासगी वाहनाचाच आधार असतो. ते वाहन गरम होऊन बंद पडले की पुष्कळदा दोष निघतो तो हेडच्या गॅस्केटमध्ये.

हेड म्हणजे काय?

ज्या नळकांड्यांत पिस्टन खालीवर होतो, त्यांवरील जाड झाकण म्हणजे हेड. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधील पातळ पत्रा म्हणजे गॅस्केट. सुमारे दोन हजार अंश तापमानाचा वायू, वंगण तेल आणि थंडाव्याचे पाणी या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम तो करतो. मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावलेल्या 'प्रीमियर पद्मिनी'प्रमाणे अनेक गाड्यांत ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन अति तापले की हेड वाकते, गॅस्केट जळते.

बाहेर गळती नसता पाणी कमी होणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, धुराड्यातून सतत पांढरा धूर निघणे व तेल दुधाळ होणे ही त्याची लक्षणे होत. विहिरीच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरमध्ये साचणे हे तापण्याचे एक नित्याचे कारण आहे.

उतरविताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्याने चेहरा व हात भाजतात. गरम हेडचे बोल्ट सैल केल्यास हेड वाकते. प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. पाणी भांड्यात काढून घ्यावे. त्यात कूलंट असल्यास ते गुराढोरांच्या तोंडी जाऊ देऊ नये, कारण ते विषारी असते. नंतर नळ्या, मॅनिफोल्ड, वरचे झाकण व रॉकर काढावेत. पुश रॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत खोचून ठेवावेत. कॅमशाफ्ट हेडवर असेल, तर पट्टा अथवा साखळी काढण्यापूर्वी टायमिंगच्या खुणा जुळवून पाहाव्यात.

बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत. हेड चिकटून बसले तरी फटीत पेचकस घालून उचकटू नये. लाकडी ठोकळ्याने हलके ठोकावे. दोघांनी मिळून ते सरळ वर उचलावे.

तपासणी

दोन्ही पृष्ठभाग ओरखडा न पाडता स्वच्छ करावेत. हेडवर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत व तिरकी धरून खालची फट फीलर गेजने मोजावी. अनेक लहान इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतकीच फट क्षम्य असते. अधिक आढळल्यास हेड यंत्रावर सपाट करून घ्यावे. ब्लॉकमधील बोल्टची भोके कोरडी करावीत. त्यांत तेल वा पाणी राहिल्यास बोल्ट आवळताना दाबाने ब्लॉक तडकू शकतो.

बसविताना

जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. नव्याची वरची बाजू खुणेप्रमाणे वरच ठेवावी. बोल्ट मध्यापासून कडेकडे, किमान दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. हा क्रम सोडून एक बाजू आधी आवळली, तर दुसरीकडे फट राहते आणि नवे गॅस्केटही टिकत नाही. किती जोर द्यावा हे हाताच्या अंदाजावर सोडता येत नाही. त्यासाठी टॉर्क पाना लागतो, आणि आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा लागतो. कित्येक नव्या इंजिनांत बोल्टही नवे घ्यावे लागतात.

त्यानंतर टायमिंग व व्हॉल्व्हची फट जुळवावी, तेल व तेलाचा फिल्टर बदलावा, पाणी भरून हवा काढावी, मगच इंजिन सुरू करावे. हेड वाकण्याचे मूळ कारण, मग ते तुंबलेला रेडिएटर असो वा निकामी पाण्याचा पंप, दूर केल्याखेरीज दुरुस्ती पूर्ण झाली असे समजू नये.

या कामात ताकदीपेक्षा मोजमापाला महत्त्व आहे. गावातील अनेक तरुण गॅरेजमध्ये पाहून पाहून चांगले कारागीर होतात. त्यांना उणीव भासते ती मोजण्याच्या साधनांची आणि पुस्तिका वाचण्याच्या सवयीची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा व डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम हीच उणीव भरून काढतो. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी होतकरू मुलांना ही वाट दाखविली, तर घाटात अडणाऱ्या गाड्या कमी होतील आणि गावातच विश्वासाचा रोजगार उभा राहील.