गंजलेली फियाट आणि तीन आठवड्यांची रजा

आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांच्या गावाकडच्या घरी, मग ते पुण्याचे असो, सांगलीचे असो की नाशिकचे, आंब्याच्या झाडाखाली ताडपत्री पांघरून एक जुनी गाडी उभी असते. बहुतेक वेळा ती फियाट असते. दरवर्षी आपण जातो, ताडपत्रीचे टोक उचलून पाहतो, "एकदा हिचे काहीतरी केले पाहिजे" असे म्हणतो आणि तसेच चांगीला परत उतरतो. हा लेख त्या ‘काहीतरी’विषयी आहे. ज्याने आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही, अशा नवशिक्याने हे काम कोठून सुरू करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे थांबावे, एवढेच यात सांगायचे आहे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. इंजिनिअरिंगची डॉक्टरेट असली तरी पत्र्याची ओळख मला आमच्या घरच्या १९७९ सालच्या पद्मिनीनेच करून दिली.

आधी गाडीची थोडी कुळकथा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बनू लागल्या. १९६४ पासून तेथे फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मग पेढे वाटायचे, असा तो काळ. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती.

या गाडीची एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायला हवी. तिला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे लांब पोकळ उंबरे, छताचे खांब या साऱ्यांचा मिळून एकच सांगाडा बनतो आणि तोच सगळा भार पेलतो. म्हणजे या गाडीतला गंज हा सौंदर्याचा प्रश्न नाही. घराच्या भिंतीला ओल आली तर रंग जातो. खांबाला आली तर घर जाते. पद्मिनीत भिंती आणि खांब एकच आहेत.

हे काम सिंगापुरात का नको?

इथे गाडी हा छंद नव्हे, तो खर्चाचा एक स्वतंत्र प्रांत आहे. १९९० साली सीओईची पद्धत आली. गाडी बाळगण्याचा हा परवाना दहा वर्षांचा असतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लहान गाड्यांच्या गटाचा भाव एक लाख सहा हजार डॉलरपर्यंत पोहोचला होता. ३५ वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी क्लासिक योजना आहे, पण त्यात गाडी वर्षाकाठी ४५ दिवसच रस्त्यावर आणता येते. शिवाय आपण बहुतेक जण राहतो एचडीबीच्या नाहीतर काँडोच्या इमारतीत. पार्किंगच्या पाचव्या मजल्यावर पत्रा कापायला बसलो, तर शेजारी आपल्याला वेल्डिंगपेक्षा लवकर थंड करतील! तेव्हा काम गावाकडेच करायचे आणि रजेच्या तुकड्या-तुकड्यांनी करायचे.

एका बाबतीत मात्र आपले नशीब चांगले आहे. इथल्या शाळांची मोठी सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेरपर्यंत असते आणि देशावर नेमकी तेव्हाच कोरडी हवा असते. गंजाच्या कामाला याहून चांगला मुहूर्त नाही. जूनच्या सुट्टीत पावसाळा सुरू होतो. तेव्हा रंग किंवा प्रायमर यांना हातही लावू नये.

गंज म्हणजे नेमके काय?

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज होतो, हे आपण शाळेत शिकलो. पण तो ‘कोठे’ होतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे. ओल्या पत्र्यावर एक छोटीशी विजेची बॅटरीच तयार होते. जिथे प्राणवायू भरपूर असतो तो भाग सुरक्षित राहतो आणि जिथे तो कमी पोहोचतो, म्हणजे चिखलाच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात, भिजलेल्या मॅटखाली, तिथले लोखंड विरघळते. म्हणून गंज नेहमी न दिसणाऱ्या जागी सुरू होतो. किनाऱ्यावरच्या हवेतले मीठ या बॅटरीला आणखी जोर देते.

दुसरी गोष्ट, अ‍ॅल्युमिनियमवर बसलेला ऑक्साइडचा थर घट्ट असतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, रंगाला फोड आणतो आणि स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. म्हणजे गंज स्वतःच पुढच्या गंजाची सोय करतो. वरून रंग फासला, तरी आतले काम चालूच राहते.

यातून या साऱ्या उद्योगाचे सूत्र निघते: आधी गंज थांबवायचा, मग पत्रा सांधायचा, आणि चकाकी सर्वांत शेवटी. नवशिका नेमके उलट करतो. त्याला आधी इंजिनचा आवाज ऐकायचा असतो आणि रंग निवडायचा असतो. इंजिन अजून दहा वर्षांनीही दुरुस्त होईल. पत्रा तोपर्यंत थांबणार नाही.

पहिली रजा: तपासणी

पहिले दोन दिवस गाडी चालू करण्याच्या फंदात पडू नये. प्रत्येक भागाचे फोटो काढावेत. सीटा, मॅट आणि खालचे नमद्याचे थर बाहेर काढून गाडीला मोकळी हवा द्यावी. मग तीन साध्या वस्तू घ्याव्यात: एक चुंबक, एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि खडू.

चुंबकाला पातळ कापड गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. खाली पत्रा असेल तर ओढ जाणवते; जाड पुट्टी असेल तर चुंबक सुटून पडतो. आमच्या गाडीचा डावा उंबरा बाहेरून गुळगुळीत दिसत होता, पण चुंबक तिथे टिकेना. खरवडल्यावर आत पुट्टी आणि फायबरचा थर निघाला आणि त्यामागे पत्राच नव्हता. कधीकाळी कोणा गॅरेजने ‘झटपट’ केलेले ते काम होते.

स्क्रूड्रायव्हरने तळ, उंबरे, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालची जागा, डिकीचा तळ आणि मागचे पाटे जिथे सांगाड्याला जोडले आहेत त्या जागा टोचून पाहाव्यात. टणक आवाज आला तर ठीक, टोक आत गेले तर खडूने गोल करावा. दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करावीत. या एका कामाला पाच मिनिटे लागतात आणि दार कित्येक वर्षे वाचते.

मग हिशेब मांडावा. खडूचे गोल मडगार्ड, दारे, बॉनेट यांवर असतील तर काम सोपे आहे. हे भाग बदलता येतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात शोधणाऱ्याला पुष्कळ सापडते. गोल उंबऱ्यांवर आणि तळावर असतील तर चांगल्या वेल्डरची गरज आहे. आणि पाट्यांच्या जोडजागा, खांबांचे पाय आणि दोन्ही उंबरे एकदमच गेले असतील, तर मनाचा हिय्या करून दुसरा पर्याय निवडावा: गाडी चालवायची नाही, ती नुसती जपायची. हा पराभव नव्हे. कमकुवत सांगाड्याची चकचकीत गाडी घरच्या माणसांना घेऊन रस्त्यावर आणणे, हे मात्र अक्षम्य आहे.

स्वयंपाकघरातले आणि साखर कारखान्यातले रसायन

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढावा. छोट्या सुट्या भागांसाठी दोन उपाय घरचेच आहेत. एक, मळी. साखर कारखान्यातून निघणारी ही मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा मिश्रणात लोखंडी भाग एक-दोन आठवडे बुडवून ठेवला की गंज सुटतो आणि चांगले लोखंड तसेच राहते. वास मात्र असा येतो की पिंप कुंपणापाशी ठेवावे! अ‍ॅल्युमिनियमचे किंवा जस्ताचे ओतीव भाग त्यात टाकू नयेत.

दुसरा उपाय विजेचा. प्लॅस्टिकच्या बादलीत चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडावी. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नयेत. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि जवळ विडी-काडी नको.

जिथे गंज पूर्ण निघत नाही, तिथे बाजारात मिळणारे ‘रस्ट कन्व्हर्टर’ लावतात. त्यात बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असते. टॅनिक आम्लामुळे गंजाचे निळसर काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होते. आपल्या पूर्वजांनी हिरडा आणि हिराकस यांपासून पोथ्यांसाठी शाई केली, तीही याच रसायनाने. भोक पडलेल्या पत्र्यावर मात्र कोणतेही रसायन चालत नाही. तिथे पत्राच हवा.

दुसरी रजा: पत्रा

वेल्डिंग नवशिक्याने अनुभवी कारागिरावर सोपवावे, पण काय मागायचे ते आपल्याला ठाऊक हवे. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा आणि मग नवा जोडायचा. जुन्यावर नवा ठिगळासारखा मारायचा नाही, कारण दोन पत्र्यांमधल्या फटीत तीच बॅटरी पुन्हा सुरू होते. एका वेळी एकच उंबरा कापायचा आणि त्याआधी दाराच्या चौकटीला आतून आडव्या पट्ट्यांचा आधार द्यायचा. नाहीतर सांगाडा वाकतो आणि दारे पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी आधी काढून दूर ठेवायची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ असते.

गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये. भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात. जुन्या ब्रेक-लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून ही धूळ फुंकरीने उडवू नये. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी.

नव्या पत्र्यावर लगेच प्रायमर आणि त्यावर लगेच रंग हवा. साधा प्रायमर सच्छिद्र असतो. तो लावून गाडी पुढच्या डिसेंबरपर्यंत सोडली, तर ओल आत झिरपते आणि वर्षाचे काम वाया जाते. रजा संपत आली असेल तर रंगछटा जुळली नाही तरी चालेल, पण वरचा हात मारूनच निघावे. उंबऱ्यांच्या पोकळीत पातळ मेण फवारून घ्यावे. आणि ताडपत्री काढून टाकावी! तिच्याखाली रात्रीचे दव अडकते. सुती आच्छादन घालावे, फरशीवर आणि छपराखाली गाडी उभी करावी.

कागदपत्रे आणि पेट्रोल

भारतात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग तिचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठीचे हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. त्याचे शुल्क वीस हजार रुपये ठरले होते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच असते. १९७४ साली नोंदलेली पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. पत्रा कापण्यापूर्वी चासी क्रमांक कोठे आहे ते पाहून त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा. तो क्रमांक गंजात किंवा कटाईत गेला, तर गाडी कायद्याच्या दृष्टीने निनावी होते.

आता भारतात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि हवेतली ओल शोषते. उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज लागण्याचे हेही एक कारण. म्हणून नळ्या बदलाव्यात आणि परतताना टाकी रिकामी करावी.

सर्वांत दुर्मिळ सुटा भाग

स्पेअर पार्ट मिळतात, कारागीर मिळतात. मिळत नाही ती माहिती: ही गाडी कोठे ठोकली होती, कोणत्या सालच्या पुरात उभी होती, कोणत्या बाजूचे दार उचलून लावावे लागते. ती ज्यांना ठाऊक आहे, ते आपले बाबा किंवा काका आज सत्तरीच्या नाहीतर ऐंशीच्या पुढे आहेत. सुटे केलेले नट-बोल्ट डब्यांत घालताना माझ्या वडिलांना मी खुर्ची टाकून शेजारी बसवले आणि चिठ्ठ्या त्यांच्याकडून लिहून घेतल्या. "हा बोल्ट मूळचा नाही, खंबाटकी घाटात पडला होता, शिरवळला दुसरा घातला", अशी माहिती कोणत्याही मॅन्युअलमध्ये नसते. चार रजा झाल्या, आमची गाडी अजून रंगायची आहे. पण गंज थांबला आहे आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्या अक्षरात आहेत.

तेव्हा मंडळी, येत्या डिसेंबरात जाताना बॅगेत एक चुंबक टाका. गाडीभोवती पहिली फेरी मारताना ज्यांनी ती चालवली त्यांना बरोबर घ्या. खडूचे गोल कोठे काढायचे, ते बहुतेक तेच आधी सांगतील.