पाऊस, माळ आणि पांखरें

महाबळेश्वरीं वर्षास सुमारें ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेस शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर असलेल्या माण तालुक्यांत जेमतेम ५००. जिल्हा एकच, सातारा. पण हा फरक शेतकऱ्यास जसा पिकांवरून कळतो, तसाच पक्षी पाहणारास तो पक्ष्यांवरून कळतो. घाटमाथ्यावरील ओढ्याकांठीं शीळकरी कस्तुराची शीळ ऐकूं येते. माणच्या माळावर चंडोल, पाखुर्डी, धाविक यांची वस्ती. पंख असूनही ही मंडळी एकमेकांच्या मुलुखांत बिऱ्हाड करीत नाहींत. असें कां व्हावें?

मलबारी राखी धनेशाचें उदाहरण घ्या. याची मादी झाडाच्या ढोलींत बसून ढोलीचें तोंड आंतून लिंपून घेते आणि एक अरुंद फट तेवढी मोकळी ठेवते. पिलें वाढेपर्यंत नर त्या फटींतून तिला फळें पुरवितो. तेव्हां या संसारास दोन गोष्टी हव्यात: ढोली पडण्याइतकें जुनें झाड, आणि उंबर-पिंपळाच्या जातीचीं, वेगवेगळ्या वेळीं फळणारीं झाडें. जेथें पाऊस भरपूर आणि कुऱ्हाड दूर, तेथेंच हें दोन्ही जुळून येतें. पश्चिमेकडील कांहीं देवरायांतून हा पक्षी आजवर टिकला, यांत नवल नाहीं. नवीं रोपें लावून धनेशाची सोय लगेच होत नाहीं. ढोलीस कित्येक दशकें लागतात.

आतां माळाकडे वळूं. येथें हिशेबच उलटा! पाखुर्डी सुकें बीं टिपते आणि ठरल्या वेळीं पाणवठ्यावर जाते. नर तर पोटाचीं पिसें भिजवून पिलांसाठीं पाणी नेतो. धाविक उघड्या जमिनीवरच अंडीं घालतो. मुरुमाच्या रंगांत तीं मिसळून जातात. अशा ठिकाणीं झाडें लावलीं कीं त्यांवर कावळे व शिकारी पक्षी टेहळणीस बसतात, सावलींत गवताचा प्रकार पालटतो, आणि माळावरचा पक्षी निघून जातो. झाडें लावणें हें सर्वत्र पुण्यकर्मच आहे, ही आपली समजूत मोठी भाबडी आहे.

या भाबडेपणाची किंमत माळढोकानें दिली. हा सुमारें पंधरा किलोपर्यंत भरणारा, आपल्या देशांतील सर्वांत वजनदार उडत्या पक्ष्यांपैकीं एक. मादी बहुधा एकच अंडें घालते, तेंही जमिनीवर. सोलापूरजवळील नान्नजचा माळ त्याचें ठाणें. १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरांचें माळढोक अभयारण्य झालें. आंकडा भव्य, पण त्यांत गांवें, शेतें, रस्ते सारेंच आलें. लोकांच्या जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडले, पक्ष्याविषयीं आपलेपणा वाटण्याऐवजीं राग उत्पन्न झाला, आणि पुढें २०१२ च्या सुमारास क्षेत्र कमी करून तें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. माझ्या मतें मूळ चूक क्षेत्रफळाची नव्हती. पक्षी नेमका कशावर जगतो हें पाहण्याआधींच नकाशावर रेघ ओढली गेली. माळढोकास नाचण्यास आंखूड गवत, अंड्यासाठीं थोडा आडोसा, आणि नाकतोडे-भुंगे टिपण्यास ज्वारी-करडईचीं जिराईत शेतें लागतात. पाटाचें पाणी आलें, ऊस व द्राक्षें आलीं, आणि तीं शेतें गेलीं. उरलेल्या माळाचे तुकडे सरकारी दप्तरांत “पडीक” म्हणून लागलेले. पडीक म्हणजे कांहींतरी लावण्यास मोकळें, असा अर्थ ठरून गेलेला! नान्नजच्या माळावरही गिरिपुष्पासारखीं झाडें लावलीं गेलीं.

पाण्याची गोष्टही अशीच. नाशिक जिल्ह्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर-मध्यमेश्वरास विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा झाला. त्यामागें गाळ सांचत गेला. इंजिनिअरांच्या दृष्टीनें तें नुकसान. पण त्या गाळामुळें उथळ दलदल झाली, बेटें झालीं, आणि हिवाळी पाहुण्यांची रीघ लागली. २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर-स्थळ हें झालें. बदक, चमचा, करकोचा यांस लागणारी पाण्याची खोली निरनिराळी असते. म्हणून अशा जागेचें रक्षण म्हणजे कुंपण घालणें नव्हे, तर केव्हां किती पाणी सोडावें हें पाटबंधारे खात्याशीं बोलून ठरविणें.

माळढोकाच्या बाबतींत तर आकाशाचीही आंखणी करावी लागते. त्याच्या डोळ्यांची रचना अशी कीं समोरचें त्यास नीट दिसत नाहीं. जड देह झटकन वळत नाहीं. विजेच्या तारांवर तो आदळतो. राजस्थानांत, जेथें आज उरलेले बहुतेक माळढोक आहेत, तेथें सौर व पवन-विजेच्या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें केंद्र चालतें. पिलें वाढत आहेत. त्यांस सोडण्यासाठीं तारा नसलेला, नांगर न लागलेला माळ हवा. नान्नजला काळवीट आहेत, लांडगा आहे, हिवाळ्यांत मध्य आशियांतून भोवत्या येऊन गवतांत रात्र काढतात. माळढोक मात्र गेल्या कांहीं वर्षांत तेथें एखाददुसराच दृष्टीस पडला.